संशोधनात व्यष्टी अध्ययन केव्हा स्वीकारावे? : दख्खनमधील ग्राम-अभ्यासांच्या आधारे एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना :

सामाजिक शास्त्रांतील संशोधनात विषयाची निवड जितकी महत्त्वाची, तितकीच त्या विषयाला अनुरूप अशा पद्धतीची निवडही महत्त्वाची असते. व्यष्टी अध्ययन, म्हणजेच सर्वसाधारणपणे ज्याला ‘केस स्टडी’ म्हटले जाते, ती पद्धती आज पीएच.डी.च्या प्रबंधांत मोठ्या प्रमाणावर वापरलेली दिसते. एक गाव, एक सहकारी संस्था, एक तालुका अथवा एक घराणे घ्यावे आणि शीर्षकाच्या शेवटी ‘एक व्यष्टी अध्ययन’ असे लिहावे, ही प्रथाच पडली आहे. परंतु हेच गाव का, एकच का आणि या एका गावावरून नेमके काय सिद्ध होणार, या प्रश्नांची उत्तरे अशा प्रबंधांत क्वचितच मिळतात. अनेकदा गाव निवडले जाते ते संशोधकाला जाण्या-येण्यास सोयीचे म्हणून. निष्कर्ष मात्र संपूर्ण जिल्ह्याविषयी किंवा महाराष्ट्राविषयी काढले जातात.

हा दोष केवळ तांत्रिक नाही. शेतजमीन, कर्ज, मजुरी अशा विषयांवरील निष्कर्षांच्या आधारे धोरणे ठरतात व कायदे होतात. त्यांचे परिणाम ज्या लाखो कुटुंबांवर होतात, त्यांच्या दारी संशोधक कधी गेलेलाही नसतो. म्हणून व्यष्टी अध्ययन केव्हा स्वीकारावे आणि केव्हा टाळावे, हा प्रश्न पद्धतीशास्त्राइतकाच संशोधकाच्या जबाबदारीचाही आहे. या प्रश्नाचे उत्तर केवळ पाठ्यपुस्तकांतील व्याख्यांत शोधण्यापेक्षा दख्खनमध्ये प्रत्यक्ष झालेल्या ग्राम-अभ्यासांच्या इतिहासात शोधणे अधिक उपयुक्त ठरते.

संशोधनाची उद्दिष्टे :

१. दख्खनमधील निवडक ग्राम-अभ्यासांचा पद्धतीच्या दृष्टीने आढावा घेणे.
२. व्यष्टी अध्ययन व सर्वेक्षण या दोन पद्धतींची कार्यक्षेत्रे स्पष्ट करणे.
३. व्यष्टी अध्ययन स्वीकारण्याचा निर्णय घेताना लावावयाचे निकष निश्चित करणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. लोणी, पिंपळे सौदागर व जातेगाव बुद्रुक या पुणे जिल्ह्यातील तीन गावांचे प्रकाशित अभ्यास हा विवेचनाचा मुख्य आधार आहे.

व्यष्टी अध्ययनाचे स्वरूप :

व्यष्टी अध्ययनात एखाद्या एककाचा त्याच्या नैसर्गिक परिस्थितीत, अनेक अंगांनी व अनेक प्रकारच्या पुराव्यांच्या साहाय्याने सखोल अभ्यास केला जातो. एकक म्हणजे व्यक्तीच असे नाही. कुटुंब, गाव, संस्था किंवा घटनाही एकक असू शकते. युरोपात फ्रेडरिक ल प्ले यांनी कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाचे तपशीलवार अभ्यास १८५५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांचा उल्लेख या पद्धतीच्या आरंभीच्या प्रयत्नांत केला जातो. पुढे रॉबर्ट यिन यांनी १९८४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या पद्धतीच्या निवडीला शिस्त आणली. त्यांच्या मते पद्धतीची निवड तीन गोष्टींवर अवलंबून असते : प्रश्नाचे स्वरूप कोणते आहे, घटनांवर संशोधकाचे नियंत्रण आहे काय आणि अभ्यासविषय समकालीन आहे की केवळ भूतकालीन. ‘कसे’ आणि ‘का’ असे प्रश्न असतील, घटनांवर नियंत्रण नसेल आणि विषय चालू काळातील असेल, तर व्यष्टी अध्ययन योग्य ठरते. ‘किती’ हा प्रश्न असेल तर सर्वेक्षणाकडे वळावे लागते.

ही कसोटी उपयुक्त आहे, परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला ती जशीच्या तशी पुरत नाही. गावाचा अभ्यास करताना वर्तमान आणि भूतकाळ वेगळे काढता येत नाहीत. आजच्या शेतकऱ्याचा तुकडा आजोबांच्या वाटणीतून आलेला असतो. हे दख्खनच्या अभ्यासांतून विशेषत्वाने दिसून येते.

लोणी : एका गावाचे पहिले तपशीलवार चित्र

१८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाला व दख्खनचा प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला. नव्या राज्यकर्त्यांना या मुलखाची व्यवस्था समजून घेणे आवश्यक होते. अशा वेळी कंपनीच्या सेवेतील शल्यवैद्य थॉमस कोट्स यांनी पुण्याच्या पूर्वेकडील लोणी या गावाचे सविस्तर वर्णन लिहिले. ते १८२० मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे वाचले गेले व १८२३ मध्ये तिच्या निबंधसंग्रहाच्या तिसऱ्या खंडात प्रसिद्ध झाले. गावाची जमीन, पिके, घरे, लोकांचा आहार व पोशाख, बलुतेदार आणि शेतकऱ्यांची कर्जे यांची नोंद त्यात आढळते.

कोट्स यांच्यापुढे तपासण्यासाठी कोणतेही गृहीतक नव्हते. अज्ञात प्रदेशाची ओळख करून घेणे हाच त्यांचा हेतू होता. ज्या विषयात कोणते प्रश्न विचारावेत हेच अद्याप ठरलेले नाही, तेथे एकाच एककाचा सर्वांगीण अभ्यास हा सुरुवातीचा योग्य मार्ग ठरतो. प्रश्नावली तयार करण्यासाठीसुद्धा आधी काय विचारावे हे माहीत असावे लागते.

या अभ्यासाचे दुसरे महत्त्व तर्कशास्त्रीय आहे. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा संमत झाला. त्यानंतरच्या चर्चेत शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाचा संबंध ब्रिटिश सारापद्धती व न्यायालये यांच्याशी जोडला गेला, आणि त्यात बरेच तथ्यही होते. परंतु कर्जबाजारीपणाचा उगमच ब्रिटिश व्यवस्थेत आहे असे कोणी सरसकट म्हटल्यास लोणीची नोंद त्याला आडवी येते. नवी सारापद्धती रुजण्यापूर्वीच तेथील बहुतेक शेतकरी कर्जात होते. एका गावावरून ‘सर्व गावे अशीच होती’ असे सिद्ध होत नाही, पण ‘कोठेही असे नव्हते’ हे विधान मात्र एका गावाने खोटे ठरते. सार्वत्रिक विधान तपासण्यासाठी एकच योग्य उदाहरण पुरेसे होऊ शकते.

पिंपळे सौदागर : तुकड्यांची जमीन

ग्राम-अभ्यासाला शास्त्रीय शिस्त लावण्याचे श्रेय पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांच्याकडे जाते. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पवना नदीकाठच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास केला. तो १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ व शेतीतज्ज्ञ असल्यामुळे माती, पाणी व पिके यांपासून सुरुवात करून ते जमीनधारणा, कर्ज आणि प्रत्येक कुटुंबाच्या उत्पन्न-खर्चापर्यंत पोहोचले.

त्यांच्या अभ्यासातून पुढे आलेली आकडेवारी पुढे अर्थशास्त्राच्या अनेक ग्रंथांत उद्धृत झाली. या गावातील सरासरी धारणक्षेत्र १७७१ मध्ये ४० एकर होते. ते १८१८ मध्ये साडेसतरा एकर व १९१४-१५ मध्ये ७ एकर इतके घटलेले दिसले. १५६ जमीनधारकांकडे ७२९ वेगवेगळे तुकडे होते. त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकरापेक्षा लहान, तर ११२ तुकडे पाव एकरापेक्षाही लहान होते. म्हणजे प्रत्येक धारकामागे सरासरी चार ते पाच तुकडे आणि एकूण तुकड्यांपैकी सुमारे ६४ टक्के तुकडे एकराच्या आतले, असे चित्र होते.

पेशवेकाळापासूनच्या जमीनधारणेची माहिती आणि जिवंत कुटुंबांची माहिती यांची सांगड हे या अभ्यासाचे वैशिष्ट्य होय. धारणक्षेत्र किती घटले हे कागदपत्रांवरून कळते. घटलेल्या क्षेत्रावर कुटुंब कसे जगते हे मात्र त्या कुटुंबाकडे गेल्याशिवाय कळत नाही. मॅन यांनी गावातील १०३ कुटुंबांची तीन गटांत विभागणी केली. केवळ जमिनीच्या आधारे सुस्थितीत असलेली कुटुंबे अवघी ८ निघाली. जमिनीला बाहेरच्या मिळकतीची जोड देऊन सुस्थितीत असलेली २८ होती. उरलेली ६७, म्हणजे सुमारे ६५ टक्के कुटुंबे, आपल्या गरजा भागवू शकत नव्हती.

ही विभागणी प्रत्येक कुटुंबाचा जमाखर्च समजून घेतल्याविना शक्य नव्हती. सातबारासारख्या नोंदीत खातेदार दिसतो. त्याच्या घरातील कोण मजुरीला जातो, हे त्यात दिसत नाही. म्हणून ‘जमीन लहान होत असताना कुटुंब कसे टिकते?’ या प्रश्नासाठी व्यष्टी अध्ययनाची निवड सर्वथा योग्य होती.

जातेगाव बुद्रुक : दुसरे गाव का निवडले?

मॅन यांच्या कार्यातील सर्वांत बोधप्रद भाग म्हणजे त्यांचा दुसरा अभ्यास. पिंपळे सौदागर हे पुण्याच्या जवळचे गाव होते. पुणे व खडकी येथे मिळणाऱ्या रोजगाराचा तेथील कुटुंबांच्या स्थितीवर परिणाम होत होता. हे गाव दख्खनचे प्रातिनिधिक मानता येईल काय, हा आक्षेप उघड होता. या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी शहराच्या प्रभावापासून दूरचे, पावसावर अवलंबून असलेले शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक हे गाव निवडण्यात आले. ना. वि. कानिटकर यांच्यासह केलेला हा अभ्यास १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे सुमारे ८५ टक्के कुटुंबे आर्थिकदृष्ट्या दुःस्थितीत असल्याचे आढळले.

दोन्ही आकडे शेजारी ठेवले असता त्यांचा अर्थ स्पष्ट होतो. पिंपळे सौदागरमध्ये ३५ टक्के कुटुंबे सुस्थितीत होती आणि त्यांतील बहुसंख्य बाहेरच्या मिळकतीमुळे तशी होती. बाहेरची मिळकत सहज उपलब्ध नसलेल्या जातेगावात सुस्थितीतील कुटुंबांचे प्रमाण १५ टक्क्यांवर आले. येथे दुसरे गाव केवळ संख्या वाढविण्यासाठी घेतलेले नाही. एका विशिष्ट बाबतीत ते पहिल्याहून वेगळे होते म्हणूनच ते निवडले गेले. दोनाऐवजी वीस गावे घेतली असती, परंतु ती सर्व पुण्याजवळचीच असती, तर मूळ आक्षेप तसाच राहिला असता. व्यष्टी अध्ययनात एककांच्या संख्येपेक्षा त्यांच्या निवडीमागील कारण अधिक महत्त्वाचे असते, हा धडा या दोन अभ्यासांतून मिळतो.

याच सुमारास मद्रास विद्यापीठातील प्राध्यापक गिल्बर्ट स्लेटर यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून त्यांच्या स्वतःच्या गावांची माहिती गोळा करून घेतली व १९१८ मध्ये दक्षिण भारतातील काही गावांचे अभ्यास प्रसिद्ध केले. स्वतःच्या गावात विद्यार्थ्याला लोक मोकळेपणाने माहिती देतात, हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे. मात्र ओळखीचे गाव हे आपोआप योग्य गाव ठरत नाही. सोय हे निवडीचे एक कारण असू शकते, एकमेव कारण असू नये.

एककाची सीमा : डॉ. आंबेडकरांचा युक्तिवाद

धारणक्षेत्र लहान व विखुरलेले असणे ही त्या काळातील महत्त्वाची समस्या मानली जात होती. मुंबई इलाख्याचे शेती संचालक जी. एफ. कीटिंग यांनीही या प्रश्नाकडे लक्ष वेधले होते. तुकडेजोड व धारणक्षेत्राची वाढ हे उपाय सुचविले जात होते. अशा वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात भारतातील लहान धारणक्षेत्रे व त्यांवरील उपाय या विषयावर निबंध लिहिला. धारणक्षेत्र केवळ आकाराने लहान आहे म्हणून ते तोट्याचे ठरत नाही. भांडवल, अवजारे व श्रम या इतर घटकांशी त्याचे प्रमाण कसे आहे यावर ते ठरते, असे त्यांनी दाखविले. शेतीवर अतिरिक्त लोकसंख्येचा भार पडला आहे व भांडवल अपुरे आहे, म्हणून खरा उपाय औद्योगिकीकरणात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

पद्धतीशास्त्राच्या दृष्टीने हा युक्तिवाद फार महत्त्वाचा आहे. गावात जाऊन पाहणाऱ्यास तुकडे दिसतात. ते मोजता येतात आणि म्हणून तेच दारिद्र्याचे कारण वाटू लागतात. गावातील माणसांना सामावून घेणारा उद्योग देशात नाही, ही गोष्ट गावाच्या शिवेच्या आत दिसत नाही. लक्षण एककाच्या आत आणि कारण एककाच्या बाहेर, अशी स्थिती असेल तर केवळ व्यष्टी अध्ययनावर थांबणे धोक्याचे असते. वास्तविक मॅन यांच्याच आकडेवारीत या युक्तिवादाला पोषक पुरावा आहे. जमिनीवर तगलेली कुटुंबे ८ आणि बाहेरच्या मिळकतीची जोड मिळाल्याने तगलेली २८, यावरून बिगरशेती रोजगाराचे महत्त्वच स्पष्ट होते. पुरावा तोच असतानाही एककाची सीमा कोठे आखली यावर त्याचा अर्थ बदलतो.

हा वाद केवळ ग्रंथांपुरता राहिला नाही. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात लहान धारणक्षेत्रांविषयीचे विधेयक आले तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला विरोध केला. पुढे ते विधेयक बारगळले. तुकडेबंदी व तुकडेजोड यांचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ मध्ये झाला. तुकडा हाच दोष मानावा की उद्योगाचा अभाव हा दोष मानावा, यावर अल्पभूधारकाचे भवितव्य अवलंबून होते.

सर्वेक्षणाचे क्षेत्र :

‘किती’ या प्रश्नाला मात्र व्यष्टी अध्ययन उत्तर देऊ शकत नाही. १९३० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली सर्वेक्षणाचा मार्ग विकसित केला. वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी १९४० मध्ये प्रसिद्ध झाली, तर पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचा पहिला भाग १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. रिझर्व्ह बँकेच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत गाडगीळ हे मार्गदर्शन समितीचे सदस्य होते. या पाहणीत ७५ जिल्ह्यांतील ६०० गावे व १,२७,३४३ कुटुंबे समाविष्ट होती. १९५१-५२ मध्ये शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा केवळ ३.१ टक्के होता, हे १९५४ च्या तिच्या अहवालातून देशापुढे आले.

हा निष्कर्ष एका गावाच्या, किंबहुना शंभर सोयीस्कर गावांच्या अभ्यासातूनही काढता आला नसता. याउलट, सोसायटी गावात असूनही शेतकरी सावकाराकडे का जातो, हे ३.१ या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी पुन्हा गावात जाऊन कर्जाची निकड, तारण, ओळख आणि परतफेडीची रीत समजून घ्यावी लागते. दोन पद्धतींत श्रेष्ठ-कनिष्ठ असा भेद नसून त्या परस्परपूरक आहेत.

पुनरभ्यास : काळातील तुलना

व्यष्टी अध्ययनाचे मूल्य अनेकदा पुढच्या पिढीच्या हाती वाढते. समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांनी कोट्स यांच्या लोणीचा, म्हणजे लोणीकंदचा, पुनरभ्यास केला व तो १९६० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्याच वर्षी पिंपळे सौदागरच्या पुनर्पाहणीचा पु. द. डिस्कळकर यांचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. पहिल्या अभ्यासकांनी मोजमापे व तपशील स्पष्ट नोंदविले नसते तर या तुलना शक्य झाल्या नसत्या. आज पिंपळे सौदागर हा पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट वस्तीचा भाग आहे. जेथे पाव एकराचे तुकडे मोजले गेले तेथे आता बहुमजली इमारती उभ्या आहेत. जमिनीच्या त्या जुन्या व्यवहाराचा दाखला मॅन यांच्या पानांत मात्र टिकून राहिला आहे.

निर्णयाचे निकष :

वरील विवेचनावरून व्यष्टी अध्ययनाच्या निवडीसाठी पुढील निकष मांडता येतात.

१. प्रश्न ‘कसे’ किंवा ‘का’ या स्वरूपाचा असावा. ‘किती’, ‘किती टक्के’ असे प्रश्न प्रधान असतील तर सर्वेक्षण स्वीकारावे.
२. विषय इतका नवीन असेल की योग्य प्रश्नच ठरलेले नाहीत, तर लोणीप्रमाणे एका एककाचा सर्वांगीण अभ्यास करावा.
३. प्रचलित सार्वत्रिक विधान तपासावयाचे असेल, तर त्याला कसोटी लावणारे एकच एकक पुरेसे होऊ शकते.
४. कागदपत्रे, प्रत्यक्ष निरीक्षण व मुलाखती असा विविध पुरावा उपलब्ध असावा. केवळ प्रश्नावली भरून घेतलेले एक गाव हे व्यष्टी अध्ययन नसून अपुरे सर्वेक्षण होय.
५. एककाच्या निवडीचे कारण व त्याचे वेगळेपण आरंभीच लिहावे. शक्य असल्यास त्या वेगळेपणाची परीक्षा घेणारे दुसरे एकक निवडावे.
६. कारणे एककाच्या सीमेबाहेर असण्याची शक्यता असेल, तर व्यापक आकडेवारीची जोड द्यावी.

निष्कर्ष :

दख्खनमधील ग्राम-अभ्यासांचा इतिहास पाहता असे स्पष्ट होते की व्यष्टी अध्ययन हा अल्प वेळेत व अल्प खर्चात उरकण्याचा सोपा मार्ग नाही. मॅन यांना १०३ कुटुंबांचा जमाखर्च समजून घ्यावा लागला आणि तरीही एका गावावर न थांबता आक्षेपाचे उत्तर शोधण्यासाठी दुसऱ्या गावात जावे लागले. पद्धतीची निवड प्रश्नावरून व्हावी, उपलब्ध गावावरून नव्हे, हा या इतिहासाचा मुख्य बोध आहे. एका गावातून एखादी प्रक्रिया कशी घडते हे समजते आणि एखादे सरसकट विधान तपासता येते. त्या प्रक्रियेचा विस्तार किती, हे मात्र त्यातून सांगता येत नाही. ही मर्यादा संशोधकाने प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणातच मान्य केल्यास त्याच्या निष्कर्षांची विश्वासार्हता वाढेल आणि त्या निष्कर्षांच्या आधारे ठरणाऱ्या धोरणांत सामान्य शेतकरी कुटुंबावर होणारा अन्यायही टळू शकेल.